सुपातला बादशहा

छप्पन्नच्या उन्हाळ्यात नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातले सबनीस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत सूरजागडच्या पायथ्याशी पोचले, तेव्हा रुखमाच्या शेतात मडक्यासकट निघालेली चांदीची नाणी सुपात मांडलेली होती. प्रत्येक नाण्यावरच्या चेहऱ्याला हळद फासलेली. “हे कोणी केलं?” त्यांनी थकून विचारलं. “मीच, भाऊ,” रुखमा म्हणाली. “जमिनीतून माणसाचं तोंड निंगालं. मयताले हळद लावूनच मातीत देतेत आमच्यात. उद्या देनार होतो.” सबनीसांनी ब्रश काढला. हळद निघाली तशी कडेची लिपी उघडी पडली. “रोमचा बादशहा आहे, बाई. दोन हजार वर्षांपूर्वीचा. नाणी अस्सल आहेत.” “मंग तुमी कधी पुरता त्याले?” “पुरायचं नाही. काचेच्या पेटीत ठेवायचं. रोज माणसं बघायला येतील.” “म्हंजे त्याले झोपच नाई,” रुखमा हळहळली. सबनीसांचे तांबारलेले डोळे पाहून तिनं बाज झाडली. “तुमी तरी पडा, भाऊ.”