दाताचा ताप

मांडीवर घेतली की दिव्यानी रडत सुटे. चटईवर सोडली की गप्प होई आणि हाताला लागेल ते हिरड्यांनी चघळत बसे. लाकडी चमचा, पदराचं टोक, आजीचा अंगठा. लाळेनं झबलं सदा ओलं. साधनाला वाईट वाटे. पोटची पोर, आणि तिला आपलीच मांडी नकोशी झाली!

गुणाबाईंनी साधनाच्या कडेवरच्या नातीच्या पाठीवर हात ठेवला. "पाहा, आंग कसं तापून राह्यलं! दाताचा ताप आहे. निकेशले बी असाच यायचा."

साधनाला सासूशी बोलायचाही आताशा कंटाळा येई. भाताच्या रोवणीचे दिवस होते. सकाळपासून चिखलात वाकायचं, घरी येऊन चूल पेटवायची, नवऱ्यानं, निकेशनं, तलावातून आणलेले मासे साफ करायचे. हे सारं ती लग्न झाल्यापासून करत आली होती. पण हल्ली पाण्याचा हंडा डोक्यावरून मधेच खाली उतरवावा लागे. भात कडू लागे. भर दुपारी अंगावर काटा आला की ती लेकीला छातीशी आणखी घट्ट धरून बसे. पोर रात्री झोपू देत नाही, त्याचंच हे, असं तिनं धरून चाललं होतं.

घरी येणारा-जाणारा दिव्यानीच्या अंगाला हात लावून पाही. कुणी अंगारा लावला, कुणी ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं. निकेशनं बाजारातून रबरी खेळणं आणलं. ताप तेवढ्यापुरता उतरे, दुसऱ्या दुपारी पुन्हा हाताला लागे.

त्या दिवशी मात्र पोरीचं अंग फारच तापलेलं लागलं आणि गुणाबाई घाबरल्या. "चाल, दवाखान्यात नेऊ हिले."

शेजारच्या गावातल्या उपकेंद्रापर्यंत तलावाच्या बांधावरून चालत जायचं होतं. साधनानं लेकीला पदरानं छातीशी बांधलं. वाटेत ती दोनदा खाली बसली. पोचल्यावर पोरीला टेबलावर ठेवून ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

वच्छला सिस्टरनं दिव्यानीच्या काखेत थर्मामीटर धरलं. "हिले ताप नाई."

"काऊन नाई?" गुणाबाई उसळल्या. "दारात येईपर्यंत चुलीसारखं आंग होतं पोरीचं!"

"आता लावा हात."

गुणाबाईंनी हात लावला. पोर गार होती. टेबलावर पडल्या पडल्या स्वतःची मूठ चोखत होती. सिस्टरनं तिचा खालचा ओठ हळूच ओढला. हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसत होतं.

"दात तर निघून राह्यला. लाळ, रडणं त्याच्यामुळं. पण दातानं एवढा ताप येत नाई." सिस्टरनं वर पाहिलं. "कोणाच्या आंगाशी होती ही?"

दोघींनी भिंतीकडं पाहिलं. बाहेर अंगातून घामाच्या धारा निघाव्यात असं ऊन पडलं होतं, आणि साधना पदर गच्च लपेटून थरथरत बसली होती.

सिस्टरनं तेच थर्मामीटर पुसून तिच्या काखेत लावलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. थोड्या वेळानं पट्टीवर दुसरी रेघही उमटली.

"मलेरिया आहे. पोरीच्या आंगाले लागत होता तो ताप तुमच्या सुनेचा आहे, बाई."

गुणाबाईंनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"एवढा ताप आंगात घेऊन फिरून राह्यली तू! सांगतली काऊन नाई वो?"

साधनानं सिस्टरनं दिलेल्या गोळ्या पाण्यासोबत गिळल्या. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच नवल होतं.

"मले वाटलं," ती म्हणाली, "लेकरू झालं का असंच राह्यते."