पोळ्याचा नेम

पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उचलायचा नाही, हा गावाचा जुना नेम. पण ऐन तोरणाखाली फटाक्याने बिथरलेला घरचाच बैल चिमुकल्या नातीवर धावून गेला, तेव्हा तानाबाईने हाती आलेली काठी त्याच्या तोंडावर हाणली. बैल वळला, पोर वाचली.

तिच्या नवऱ्याने, बबनरावने, तीच काठी हिसकली. "देव हाय तो आज! देवाले मारतं का वं?" म्हणत त्याने तिला काठी मोडेस्तोवर झोडपलं.

"बबनराव, जीव जाईन तिचा!" कोणीतरी ओरडलं.

"जाऊ दे! नेम मोडला तिनं!"

तिच्या कपाळातून रक्त वाहू लागलं, तसा तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "हळद आणा रे कोणी."

दगडाला पाझर फुटला, असं तानाबाईला वाटलं.



बबनरावने मूठभर हळद घेतली आणि बैलाच्या तोंडाला हलक्या हाताने लावली.