ठीकरावांची नोंदवही

स्कॅन साठवणाऱ्या दोन्ही डिस्क गेल्या होत्या आणि पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते.

ठीकरावांनी तपासणीचा प्रोग्रॅम तिसऱ्यांदा चालवला. तिसऱ्यांदाही तेच: सर्व ठीक. इस्पितळाचा सर्व्हर सांभाळणारा हा माणूस. रोज सकाळी हा प्रोग्रॅम चालवायचा, नोंदवहीत 'सर्व ठीक' लिहायचं, खाली झोकात सही ठोकायची. त्यावरून नर्सबाईंनी ठेवलेलं हे नाव. त्यांनाही ते आवडायचं. आज आवडत नव्हतं.

छातीच्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"ठीकराव, मागच्या वर्षीचा स्कॅन द्या. बाई बाहेर बसल्यात. फुफ्फुसातला ठिपका तेवढाच असेल तर हात लावायचा नाही. वाढला असेल तर छाती उघडायची."

"कागदावर रिपोर्ट असेल ना?"

"'लहान ठिपका' असं लिहिलंय. लहान म्हणजे तिळाएवढा की वाटाण्याएवढा? ते चित्र बघूनच कळणार. आणि चित्र नसेल तर मी वाट बघत बसणार नाही. उघडणार."

ठीकरावांनी प्रोग्रॅमच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आवृत्तीचा आकडा आणि डिस्क कधी बसवल्या ते विचारून घेतलं.

"अहो, ही तीन वर्षं जुनी आहे. तुमच्या डिस्क गेल्या वर्षी बसवलेल्या. तिला त्या ओळखताच येत नाहीत."

"मग हिरवं कसं दाखवते?"

"जे ओळखत नाही, ते ती मोजतच नाही. उरलेलं ठीक आहे, एवढंच सांगते. नवी आवृत्ती टाका म्हणून सूचना येत नव्हती का?"

येत होती. दर सोमवारी. पण ती टाकायची तर सर्व्हर अर्धा तास बंद ठेवावा लागणार होता. पहिल्यांदा ते रीतसर मोठ्या साहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, "अर्धा तास इस्पितळ आंधळं करू? चालतंय ना? मग चालू दे." दुसऱ्यांदा साहेबांनी मानही वर केली नाही. तिसऱ्यांदा ठीकराव गेलेच नाहीत. सूचना आली की 'नंतर' दाबायचं, याची बोटाला सवय होऊन गेली. सगळं साहेबांवर ढकलता आलं असतं, पण बोट काही साहेबांचं नव्हतं.

आज कुणालाही न विचारता त्यांनी 'आता' दाबलं. अर्धा तास इस्पितळ आंधळं झालं. खिडकीवरच्या कारकुनाने कागदावर नावं लिहून घेतली. बाकी कुणी हूं की चूं केलं नाही.

नवी आवृत्ती सुरू झाली आणि पडदा लाल झाला. डिस्क ज्या पेटीत होत्या, ती पेटी स्वतःची नोंद ठेवत होती. ती आता वाचता येत होती. जोडीतली पहिली डिस्क अकरा महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. तेव्हापासून दुसरी एकटीच सगळा भार ओढत होती. ती आज पहाटे गेली. पेटीने पहिल्या दिवशी तक्रार केली होती, दुसऱ्या दिवशी केली होती, तिसऱ्याही दिवशी. ठीकराव खाली खाली जात राहिले. तीनशेच्या वर ओळी होत्या. त्यांनी नोंदवही उघडून पहिल्या ओळीची तारीख काढली. तिथे त्यांच्याच सुबक अक्षरात 'सर्व ठीक' होतं. वही मिटून ते उठले.

बाहेर बाकावर त्या बाई बसल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या, बाहीला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. हातात ऑपरेशनच्या संमतीचा कागद. जुनं चित्र गेलं, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं.

ठीकराव वही काखेत धरून समोर उभे राहिले.

"किती महिने मशीनवर बसता येणार नाही, कोण जाणे," बाई म्हणाल्या. मग ठीकरावांचा चेहरा बघून त्यांनाच कीव आली. "असू द्या हो. यंत्र आहे. माझंही मशीन मध्येच टाके सोडतं, सांगून थोडंच सोडतं? तुमचा काय दोष?"

'हो ना' म्हणून सुटता आलं असतं. सुटावंसं फार वाटलं.

"यंत्र सांगत होतं, मावशी," ठीकराव म्हणाले. "अकरा महिने. रोज."

बाईंची नजर त्यांच्या काखेतल्या वहीवर गेली.

"मग यात काय लिहिलंय?"

ठीकरावांनी अकरा महिन्यांपूर्वीचं पान उघडून वही बाईंच्या मांडीवर ठेवली. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या वाचू लागल्या.