गुरुवारी थांबणारं घड्याळ

आजही ते अकराच्या सुमारास थांबलं होतं. सुरतच्या पांडेसरा भागातल्या डाईंग मिलमधून आलेल्या योगेंद्रने डबा ठेवला आणि आधी घड्याळाकडे, मग बायकोकडे बघितलं.

"कुंदन वर आला होता?"

"दर गुरुवारी काय तेच विचारता?" गायत्री कणीक मळत म्हणाली.

खाली राहणाऱ्या कुंदनच्या लूमच्या कारखान्याला गुरुवारीच सुट्टी असायची. आणि घड्याळ नेमकं गुरुवारीच थांबायचं.

माणसाहून उंच घड्याळ. यंत्र विलायती, सागवानी पेटी सुरती सुताराने घडवलेली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली नानपुऱ्यातलं एक पारशी कुटुंब घर विकून गेलं, तेव्हा योगेंद्रने ते मोडीच्या भावात उचललं होतं. किल्ली तो करगोट्याला बांधायचा. रविवारी सकाळी चावी दिली की शिशाची दोन वजनं वर चढायची आणि आठवडाभर मुंगीच्या पावलांनी लंबकाशेजारून खाली उतरायची.

घड्याळजी चिंधाने सगळं खोलून बघितलं होतं. "भाऊ, यंत्रात खोट नाही. जवळ कशाचा तरी हेलकावा बसतो, त्याने लंबक थांबतो."

माडीची जमीन लाकडी. कुंदन अंगाने दांडगा. योगेंद्रला आणखी पुरावा नको होता.

"चावीचा वार बदलून बघा एकदा," गायत्री म्हणाली.

"म्हणजे तुलाही वार बदलता येईल!"

रविवारी भांडण पेटलं. तिचा भाऊ तिला कडोदऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला. त्या गोंधळात चावी द्यायची राहिली, ती योगेंद्रने सोमवारी सकाळी दिली.

गुरुवारी योगेंद्र खाडा करून घड्याळासमोर बसला. अकरा वाजले. बारा वाजले. लंबक चालतच होता. "बाई गेली नि घड्याळ सुधारलं," तो गल्लीभर सांगत सुटला.

शुक्रवारी सकाळी काडीमोडीसाठी जातीचे पंच माडीवर बसले; गायत्रीला तिचा भाऊ घेऊन आला होता. योगेंद्रने पेटीचं दार उघडून दाखवलं. "काल दिवसभर चाललं. बघा, आजही चालतंय."

"पोरी, काही सांगायचंय?" पंचांतल्या सुकलालआप्पांनी गायत्रीला विचारलं.

तिची नजर पेटीत गेली. "आप्पा, घटकाभर थांबा."

"आता कशाला थांबायचं?" योगेंद्रने काडी उचलली आणि मोडली.

मग माडीवर अशी शांतता पसरली की सगळ्यांनी एकदम मान वळवली. जागचं कोणी हललं नव्हतं. एक दिवस उशिरा लंबकाच्या शेजारी पोचलेली शिशाची वजनं तेवढी संथ झुलत होती, आणि लंबक थांबला होता.