डिकीतला जामानिमा

लेक कॉलेजला गेली आणि आईने वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेले धावायचे बूट खाली काढले. औषधांचं दुकान चालवणारा नवरा स्कूटर घेऊन तिच्या मागे निघाला. डिकीत मलम, गुडघ्याचे पट्टे, ग्लुकोज, सगळा जामानिमा. दर वळणावर त्याचं एकच, "दम लागला की मागे बस. त्यात लाजायचं काय?"

ती पळत राहिली.

पुलाच्या चढावर स्कूटर आचके देत बंद पडली. डिकी गच्च, टाकी मात्र ठणठण गोपाळ. ढकलता ढकलता त्याला धाप लागली. ती मागे वळली, बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला पाजलं आणि रिकामी बाटली हातात घेतली.

"पंप तीनेक किलोमीटर मागे राहिला. पळत जाऊन पेट्रोल आणते. तुम्ही बसा इथे. त्यात लाजायचं काय?"