वीस डब्या

"तुझ्या बापाचं माप चुकलं यंदा, पोरी," पोपटराव अंगातला सदरा दोन बोटांनी ओढून दाखवत म्हणाले. "बघ कसा ढगळ झालाय. आन् त्याची लेक आमची पोटं तपासाया आलीय!"

भाजीच्या शेडमध्ये पालथ्या क्रेटवर बसलेली सगळी वस्ती हसली. लुबना हसली नाही. शिरूरच्या अल्लाबक्ष टेलरची ही मुलगी डॉक्टर झाली होती आणि पुण्यात पोटाच्या आजारांवर काम करत होती. अब्बांवर बोललेलं तिला झोंबलं, पण तिनं ते गिळलं. राहू गावाजवळच्या या वस्तीचं संमतिपत्र तिला हवं होतं, आणि सही पोपटरावांची होती.

पोटातला आजार दुखायला लागण्याआधीच पकडता येतो का, हे तिला खेड्यापाड्यांत जाऊन बघायचं होतं. संशोधन सुरू करण्यापुरता निधी द्यायला एक संस्था तयार होती. अर्जासोबत वीस गावकऱ्यांच्या शौचाची तपासणी आणि त्यांच्या वस्तीची संमती जोडायची होती. मुदत आठ दिवसांवर आली होती. दोन वर्षं तिचा अर्ज परत आला होता, आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

पोपटराव भाजीपाला गटाचे अध्यक्ष. वस्तीवर त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पहिल्या भेटीत त्यांनी तिला शेडच्या आतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. "रोगट वस्तीची मेथी कोण घेतंय? चालती हो," एवढंच बोलले होते. दहा दिवसांनी मात्र त्यांचाच फोन आला. नमुन्याच्या डब्या ठेवून जा, मी गोळा करून देतो. आणि खरंच, सांगितलेल्या सकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये वीस डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर नाव, पहिलं त्यांचंच. माणसांवर पटकन विश्वास ठेवायची लुबनाला खोड होती. तिनं त्यांचे आभारसुद्धा मानले होते.

"निकाल आणलास न्हवं?" पोपटरावांनी विचारलं. "मग सांग की."

"तो ज्याचा त्याला एकेकट्याला सांगायचा असतो, आप्पा."

"आमच्यात लपवाछपवी न्हाई. सगळ्यांम्होरं सांग, न्हाईतर ऊठ."

पुढं बसलेल्या त्यांच्या पुतण्यानं, ईश्वरनं, शेजारच्याला कोपर मारलं. दोघं खाली माना घालून हसले. बाकीच्यांच्या तोंडावरही तेच हसू. आजाराचा निकाल ऐकायला माणसं इतक्या मजेत कशी बसतात, हे लुबनाला कळेना.

"मग नाव कुणाचंच घेत नाही. नुसता आकडा सांगते," ती म्हणाली. "वीसच्या वीस डब्यांत रक्त सापडलं. डोळ्यांना दिसत नाही असं. ते कशामुळं, हे दुर्बिणीनं आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण उशीर करू नका."

मग एकच गलका उठला.

"खोटारडी हाय!" "हिला फंड पायजे, म्हून आमाला रोगी करती!" कुणीतरी तिची बॅग पायानं दाराकडं सरकवली. बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या. तपासणी तीनदा केलीय, असं लुबना सांगत होती, पण ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. खरं म्हणजे तो आकडा बघून तीही चक्रावली होती.

ईश्वर क्रेटवर चढला. त्याला आता हसू आवरेना.

"अगं ए डॉक्टरीणबाई! आमच्यातल्या एकानंबी डबी भरल्याली न्हाई! पोट चोख म्हंजी आप्पांचंच, म्हून वीसच्या वीस त्यांनी एकट्यानं भरल्या. निकाल चांगला आला की तू आपली वाटंला लागशील म्हून! वीस जणांना रोग व्हय? आता बोल की!"

त्यानं टाळीसाठी हात पुढं केला.

टाळी कुणी दिली नाही. सगळे पोपटरावांकडं बघत होते. ईश्वरनंही बघितलं, आणि त्याचा हात हळूहळू खाली आला.

लुबनाला संताप आला होता. वीस माणसांचा तिचा अर्ज एका माणसावर आला होता, म्हणजे बुडालाच होता. या लोकांनी तिला फसवलं होतं आणि वर खोटारडी म्हटलं होतं. चार खडे बोल सुनवावेत म्हणून ती वळली, आणि तिची नजर त्या सदऱ्यावर गेली. अब्बांनी दिवाळीला शिवलेला सदरा. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्या अब्बांचं माप चुकत नाही."

पोपटरावांनी सदऱ्याकडं बघितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडं, शेवंताबाईंकडं बघितलं.

"चार म्हैने झालं," शेवंताबाई कुणाकडंही न बघता बोलल्या, "ताटात अर्धी भाकर तशीच ऱ्हातीया. मी काय बोलाया गेले की मलाच गप करत्यात."

दारात पडलेली बॅग पोपटरावांनी स्वतः उचलली आणि लुबनापुढं ठेवली. संमतिपत्र मागून घेतलं, गुडघ्यावर ठेवून सही केली.

"एक डबी खरी धरा, डॉक्टर," ते म्हणाले. "आन् ह्या एकोणीस जणांना आजच्या आज कोऱ्या डब्या द्या."