दोन ओळींच्या चिठ्ठ्या

पाचवा फोटोही बाईंच्या चिठ्ठीवर खपला, तेव्हा चिठ्ठीवाल्याने दौतीचं झाकण इतकं आवळलं की संध्याकाळी ते उघडेना.

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात तो नऊ वर्षं होता. कुणाकुणाच्या घरातून अल्बम येत. फोटो सोडवून घ्यायचे, अल्बम रद्दीत टाकायचा आणि प्रत्येक फोटोला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची, हे त्याचं काम. फोटोतला माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नसे. त्याचं आयुष्य चिठ्ठीवाला रचत असे. बुडालेल्या जहाजाचा कप्तान, लग्नाच्या आदल्या दिवशी पळालेली नवरी, विष पचवलेला वैद्य. गिऱ्हाईक फोटो नाही, चिठ्ठी विकत घेतं, असं मालक म्हणायचे.

दीड महिन्यापूर्वी बाई आल्या. जाहिरात नव्हती, जागा नव्हती. निम्म्या पगारात राहते म्हणाल्या आणि मालकांनी ठेवून घेतलं. "पण लिहिणारा एकच पुरे," त्यांनी दोघांसमोर सांगितलं. "दोन महिने बघतो. ज्याच्या चिठ्ठ्या चालतील तो राहील." मग आपला ठेवणीतला नियम ऐकवला: एखादी वस्तू बघून कुणाचे डोळे भरून आले, की किंमत तिप्पट. गरजवंताला सूट नाही.

बाईंनी स्वतःसाठी फोटोंची तळाची, चेपलेली पेटी निवडली. रद्दीतला एक फाटका अल्बमही मागून नेला. पुठ्ठा कामाला येईल म्हणाल्या. चिठ्ठीवाला मनात हसला होता.

बाई आठवड्याला एकच फोटो टांगत, तोही शनिवारी दुपारी. चिठ्ठीत दोनच ओळी. 'यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. फोटोवाल्याला तीनदा ओरडावं लागलं.' किंवा, 'या हसताना तोंडावर हात धरत. त्या दिवशी विसरल्या.' मेलेल्या, अनोळखी माणसांनाही अहो-जाहो.

चिठ्ठीवाल्याने भिंग घेऊन तो कान अर्धा तास तपासला. कानासारखा कान. पण चिठ्ठी वाचली की माणूस खरोखरच बहिरा दिसू लागे, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. नऊ वर्षांत त्याच्या एकाही कप्तानाने असं वळून बघितलं नव्हतं.

एकदा न राहवून त्याने विचारलं, "सुचतं कसं हो तुम्हाला?"

"सुचत नाही, भाऊ. दिसतं तेवढं लिहिते."

हा विनय त्याला शिवीपेक्षा झोंबला. त्यांचं अक्षरही बघवत नव्हतं. 'ई'ची शेंडी गोल, मागे वळवलेली, जणू पाटीवर बसून मान वळवणारं पाखरू. घरी तो जुन्या कागदांवर तशी ई गिरवून बघू लागला. बायकोने ते पाहिलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "सवतीमत्सर करणारा पहिलाच पुरुष बघतेय मी."

बाईंचं गिऱ्हाईकही ठरलेलं. दर शनिवारी चार वाजता, ऊन असो पाऊस असो, बगलेत छत्री धरून एक माणूस येई. घासाघीस नाही, चौकशी नाही. फोटो चपट्या कापडी पिशवीत सरकवून निघून जाई. हा पेरलेला माणूस आहे, असं चिठ्ठीवाल्याने मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, नोटा खऱ्या आहेत, तेव्हा गिऱ्हाईकही खरंच.

त्या गुरुवारी बाईंनी पेटीच्या तळातून एक फोटो काढला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली तरुण बाई, मनगटावर पुरुषी घड्याळ. बाई जेवायलाही उठल्या नाहीत. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. चिठ्ठीवाला कोपऱ्यातून बघत होता. आटली विहीर, तो मनाशी म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

शुक्रवार बाईंच्या सुट्टीचा. त्याने त्यांचा खण उघडला. चिठ्ठीवर जेमतेम दोन वाक्यं होती. 'घड्याळ भावाचं. फोटोपुरतं मागून घेतलं.'

त्याने ती फाडली आणि आपली बांधली. 'नाटकातली नटी. हिच्यापायी दोन भाऊ एकमेकांवर गोळी झाडून मेले. घड्याळ धाकट्याचं.' फोटो दर्शनी खिळ्यावर टांगला. तासाभरात एक प्रवासी जोडपं चिठ्ठी वाचून हरखलं आणि फोटो घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेलं. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. राहणारा कोण, हे त्या थापेतच ठरलं.

शनिवारी बाईंनी खण उघडला, पुन्हा लावला, पुन्हा उघडला.

"विकला गेला," चिठ्ठीवाला म्हणाला. "माझ्या चिठ्ठीवर."

"कुणी नेला?"

"प्रवासी होते. नाव-गाव कोण विचारतं? वाईट वाटून घेऊ नका. धंद्यात असं चालतंच."

बाईंनी पाण्याचा पेला भरला, पण प्यायल्या नाहीत. मालक समोरच बसले होते. बाईंचे डोळे कोरडे होते, हे चिठ्ठीवाल्याने मुद्दाम बघून घेतलं.

चार वाजता छत्रीवाला आला. आज त्याला मालकांदेखत उघडा पाडायचा, म्हणून चिठ्ठीवाला आधीच गल्ल्याशी जाऊन उभा होता. पण त्याने तोंड उघडण्याआधीच त्या माणसाने छत्री टेकवून ठेवली आणि तो आज पहिल्यांदाच हसला.

"शेवटचाच ना ग?" तो बाईंना म्हणाला. "म्हटलं, आज इथेच बसवून नेऊ."

बाईंनी नकारार्थी मान हलवली, पण तोवर त्याने पिशवीतून तो फाटका अल्बम काढून फळीवर उघडला होता.

काळ्या पानावर पाच फोटो आपापल्या जागी बसले होते. सहावी जागा रिकामी होती, डिंकाचे चार वाळके डाग तेवढे उरलेले. तिच्याखाली नुकतंच लिहायला शिकलेल्या हाताने, पांढऱ्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता. आई. ईची शेंडी गोल, मागे वळवलेली.